रागावणारी भाषा

आणि सायकलच्या वेळीही तू तेच म्हणालीस, माय. मामाच्या पोराची सायकल दारात उभी होती, मी नुसता दांड्याखालून एक पाय घातला होता, आणि तू चुलीपासून न उठता विचारलंस, "हाई शिकीसन काय करशी?" पेटीच्या वेळी तेच. गल्लीतली ती भजनवाली म्हातारी मला पेटी शिकवायला तयार होती, फुकट, तिला माझी बोटं आवडली होती. "पेटी शिकीसन काय करशी?" चौथीनंतर शाळा सुटली तेव्हाही हाच प्रश्न, फक्त तेव्हा बापाच्या तोंडून आला आणि तू मान हलवलीस. तू मला कधी मारलं नाहीस, हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. पण हा प्रश्न तू असा टाकायचीस की समोरचं माणूस हातातलं खाली ठेवून द्यायचं. भाकरी शिकून काय करशी, असं तू कधी विचारलं नाहीस. मिरचीचे देठ खुडायला शिकून काय करशी, असंही नाही. जिथे उत्तर घरात तयार पडलेलं होतं तिथे तू गप्प, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे बरोबर विचारायचीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, गुडघा उठता-बसता बोलतो, आणि अजून मी काही मजेचं हातात घेतलं की तू मागे उभी. आता तर हद्द झाली. परवा तो प्रश्न माझ्या तोंडातून बाहेर पडला. तुझ्याच आवाजात, तुझ्याच बोलीत, आणि माझ्याच लेकीला.

तू तिला पाहिलंस ते पाळण्यात. आता ती पुण्याला कंपनीत आहे, कॉम्प्युटरला कामं लिहून देते. ती मला आई म्हणते, शाळेत गेली ना. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलंय, सुरतेकडचं स्थळ आहे, म्हणून श्रावणात घरूनच काम करते म्हणाली आणि आली. तुझा जावई गेल्यापासून गिरणी मीच चालवते. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या खोलीत आम्ही. परवा दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, गावातल्या बाया डबे ठेवून घरी गेल्या. मी पीठ झटकत मागे आले तर पोरगी स्क्रीनकडे बघून एकटी हसतेय. मला वाटलं, नवऱ्या मुलाचं काही आलं असेल. वाकून पाहिलं तर नुसती अक्षरं, त्यातली निम्मी लाल.

मी विचारलं, "काय करी ऱ्हायनी?" म्हणाली नवी भाषा शिकतेय, कॉम्प्युटरची. मी विचारलं, कंपनीने सांगितली का. नाही म्हणे. मग पगार वाढेल का. नाही म्हणे. सासरच्यांना लागते का. त्यावर ती इतकी हसली की मला राग आला. "कोनीच नही सांगं, आई. मजा वाटस म्हनीसन." आणि मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हाई शिकीसन काय करशी?"

म्हणाले आणि माझी मीच दचकले. मागे वळून पाहिलं, खोटं नाही सांगत. तिथे पिठाचे डबे होते.

पोरीने मात्र हातातलं खाली ठेवलं नाही. हा तिच्या-माझ्यातला फरक. ती म्हणाली, काहीच करणार नाही, नुसती शिकणार. मग मला शेजारची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, "तू बी शिक ना. तू निवड, मी शिकाडस."

आता तुला काय सांगू. कॉम्प्युटरला काम सांगायच्या भाषा असतात, माय, आपल्याकडच्या बोलींसारख्याच खूप. नंदुरबार सोडून अक्कलकुव्याच्या बाजाराला जाईपर्यंत बोली किती वेळा बदलते, तशा. फक्त या बोलायच्या नाहीत, लिहायच्या. पोरीने माझ्यासाठी तीन काढल्या. पहिलीचं नाव पायथन. म्हणजे अजगर, तीच म्हणाली. मी म्हटलं, नागपंचमीच्या तोंडावर घरात अजगर आणतेस का. पण भाषा सोपी निघाली. मी म्हटलं, रोटांचं पीठ काढून दाखव. पोरीला सगळं माहीत आहे, कॉम्प्युटरला काहीच माहीत नाही, म्हणून एकेक सांगावं लागलं. श्रावणात आपली देवी कानबाई घरात बसते त्या रविवारी घरातल्या, भाऊबंदातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे. दिरांची नावं घातली, पुतण्यांची घातली, बोट उचलेपर्यंत उत्तर हजर. मग मी म्हटलं, आता आपल्या म्हशीचं नाव घाल. घातलं. त्याने म्हशीलाही सव्वा मूठ दिली, चकार शब्द न काढता. गोड भाषा आहे, पण भोळी. दुसरी लहान मुलांची, तिच्यात एक कासव असतं, सांगाल तसं चालतं आणि मागे रेघ ओढतं. मी त्याला पुढे चाल, पुढे चाल म्हणत राहिले तर ते स्क्रीनच्या बाहेर निघून गेलं. तेही मुकाट्याने.

तिसरी म्हणजे पोरगी शिकत होती ती. रस्ट. त्याचा अर्थ गंज. मी म्हटलं, गिरणीचा पत्रा गंजलाय तो पुरे नाही का. पोरगी म्हणाली, ही अवघड आहे, रागीट आहे. अजगर आधी चालू लागतो आणि कधीकधी अर्ध्या वाटेत आडवा पडतो. ही आधी रागावते, सगळं सरळ करून घेते, मग चालते. मी म्हटलं, रागावणारी एक होती मला, पुरेशी होती. आणि उठले. लाईट आली होती.

पण डोक्यातून जाईना. दळण टाकताना, पीठ भरताना एकच. कोणती घेऊ? तुला हसू येईल, पण मी आजवर एकही भाषा निवडून घेतलेली नाही. अहिराणी तुझ्या दुधाबरोबर आली. मराठी बाईंच्या छडीबरोबर आली आणि चौथीत अर्धी तुटली, तीच ही, जिच्यात मी तुला लिहितेय, कारण अहिराणी लिहायला बसले की हात थांबतो, ती तोंडातच बरी वाटते. या नदीकाठच्या गुजर बायांची बोली त्यांचं दळण दळता दळता आली, कारण त्यांना बारीक पीठ कशाला म्हणायचं आणि जाड कशाला हे कळलं नाही तर डबा परत येतो. हिंदी गिरणीचा दगड छिन्नीने टाचून देणाऱ्याकडून. सगळ्या पोटासाठी. आता पहिल्यांदा कोणी म्हणतंय, तुला आवडेल ती घे, काही करायचं नाही तिचं. आणि माझी बोटंच उचलत नाहीत. तू मागे उभी. काय करशी, काय करशी.

मग मला ते आठवलं. रागाने आठवलं आधी.

नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळवायची पथारी. जिकडे नजर जाईल तिकडे जमीन लाल. आपण ओळीत बसलोय, तू, तुझ्या बाजूला मी, सगळ्यांच्या तोंडाला फडकं, सगळ्या खोकतायत. तुझ्या दुसऱ्या बाजूला ती डोंगरातली बाई. धडगावच्या वरच्या पाड्यावरून यायची, दिवाळीनंतर, आणि होळीला परत जायची. गळ्यात चांदी, पायात काही नाही. तिला आपली बोली येत नव्हती, तुला तिची पावरी येत नव्हती, आणि तरी तुम्ही दोघी देठ खुडता खुडता सारख्या काहीतरी बोलायच्या. ती मिरची उचलून एक शब्द म्हणायची, तू तो परत म्हणायचीस, ती हसून मान हलवायची, तू परत. घरी येताना वाटभर तू ओठातल्या ओठात तेच घोळवायचीस. घरात आलीस की शेळीला सांगायचीस. शेळीशी तू पावरीत बोलायचीस, माय. बापाशी नाही, माझ्याशी नाही, शेळीशी. ती कान टवकारून बघत राहायची, आणि तू तिला दटावल्यासारखी, लाडावल्यासारखी लांबच लांब काहीतरी सांगायचीस. त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. त्या भाषेचा तुला काडीचा उपयोग नव्हता. मुकादम अहिराणी बोलायचा, दुकानदार अहिराणी, डॉक्टर मराठी.

एकदा मी तुला विचारलं. मनात धरून ठेवलं होतं किती दिवस, पेटीचा राग होता. तू शेळीपुढे पाला टाकत होतीस, तिच्याशी बोलत होतीस, आणि मी उंबऱ्यात उभी राहून तुझ्याच सुरात म्हणाले, "माय, हाई शिकीसन काय करशी?" वाटलं, आता पहिल्यांदा लाटणं येतं. तू वळलीस. पदर तोंडाला लावलास आणि हसायला लागलीस. अशी हसलीस की खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी पुसायला मिरचीचेच हात, मग आणखी पाणी. तुला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. पण उत्तर दिलं नाहीस. "जाय, पानी भर," एवढंच.

पुढे एका वर्षी ती डोंगरातली बाई आली नाही. का आली नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. तू ओळीत बसलीस आणि बाजूला एका माणसाची जागा सोडलीस. मुकादम ओरडला, सरकून बसा. तू सरकल्यासारखं केलंस, आणि तो पुढे गेला की परत होतीस तिथे. होळीपर्यंत ती जागा तशीच. मग शेळी विकली, आणि तुझी पावरीही संपली असं मी धरून चालले. ते खोटं ठरलं, दवाखान्यात. शेवटच्या त्या दिवसांत तू डोळे मिटून बोलत होतीस, आणि सिस्टर म्हणाली, बडबड आहे, तापात होतं असं. ती बडबड नव्हती. मला सूर ओळखू आला, शेळीचा सूर. तू त्या बाईशी बोलत होतीस. काय म्हणत होतीस, माय? मी तुझा हात धरून बसलेली, तुझी पोटची पोर, आणि तुझे शेवटचे शब्द मला न येणाऱ्या भाषेत.

हे सगळं डोक्यात घेऊन मी काल दुपारी परत पोरीशेजारी बसले. म्हटलं, त्या रागीट भाषेचं काहीतरी दाखव, ती कशावर एवढी चिडते. पोरगी म्हणाली, ती सगळ्यात जास्त चिडते देण्या-घेण्यावर. तिच्यात एक वस्तू एका वेळी एकाचीच. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात दिली, की पहिल्याने तिच्यावर हक्क सांगायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे लेकीसारखं. ती हसली. म्हणाली, थांब, तेच लिहू. मराठी अक्षरांत लिहिलं तिने, मला वाचता यावं म्हणून. वर "लेक". खाली, ती लेक "सासर"ला दिली. त्याच्या खाली, परत "लेक" दाखव. आणि बटण दाबलं.

स्क्रीन लाल झाली. इंग्रजी होतं, पण मला दिसत होतं की नुसतं ओरडणं नाही ते. आमच्याच ओळी त्या भाषेने परत लिहून दाखवल्या होत्या, आणि दोन ठिकाणी खाली खुणा केल्या होत्या. मी म्हटलं, काय म्हणते वाच. पोरगी बोट ठेवून वाचत गेली. "म्हणते, ही लेक तू इथे, या ओळीत, सासरला देऊन टाकलीस. आणि आता इथे, या ओळीत, तिला जुन्या नावाने हाक मारतेस. दिलेली वस्तू अशी मिळत नाही. उसनी दिली असतीस तर तुझीच राहिली असती."

मी विचारलं, "हाई रोज असंच सांगस?"

"रोज. रागावस, पन कोठे चुकनं, कसाले चुकनं, ते बी सांगस."

मी त्या दोन खुणांवरून बोट फिरवलं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तुला तो श्रावण आठवतो का? माझ्या लग्नानंतरचा पहिला. मी माहेरी आलेली, हातातला चुडा अजून नवा. कानबाई बसली होती, नारळाला नथ घातलेली, समोर खीर, गंगाफळाची भाजी, आणि परातीत रोट, तूप लावलेले. घरातले सगळे पंगतीला बसले. मीही बसले, माझ्या नेहमीच्या जागी, कोनाड्याखाली. हात पुढे केला. आणि तू परात मागे ओढलीस. "तू आते त्या घरनी शे. तुले नही चालस." बस. पुढे एक शब्द नाही. माझ्यासाठी वेगळ्या पोळ्या केल्या होत्यास, चांगल्या मऊ होत्या, त्या ताटात वाढल्यास. नियम मला माहीत नव्हता का? माहीत होता. आत्याला मी लहानपणी तशीच वेगळी बसलेली पाहिली होती. पण आत्या ही आत्या होती आणि मी मी होते. मी तुझ्याकडे बघत होते, तू चुलीकडे बघत होतीस. एवढंच म्हणायचं होतंस ना, की पोरी, असं असं आहे, मलाही बरं वाटत नाही. किंवा बरं वाटतं म्हण. काहीतरी म्हण. तूही त्या दिवशी माझ्यासमोर जेवली नाहीस, हे मला खूप वर्षांनी सुचलं. घास उतरत नव्हता की कामं उरली होती, ते तूच जाणे.

तर मी ती निवडली. रागावणारी. पोरगी म्हणाली, "आई, ती सगळ्यास्मा अवघड शे, अजगर घे." मी म्हटलं, शे ते शे. भोळ्या भाषा मला नकोत, म्हशीला सव्वा मूठ देणाऱ्या, आणि मुकाट्याने निघून जाणारं कासवही नको. मला रागावणारी पाहिजे, जी रागाच्या खाली कारण लिहिते. काल दिवस मावळेपर्यंत मी दोन ओळी लिहिल्या आणि तिने मला तीनदा झापलं, आणि तिन्ही वेळा बोट ठेवून सांगितलं की बाई, इथे. मला रडू येत होतं आणि पोरीला वाटलं मला जमत नाही म्हणून. म्हणाली, सगळ्यांचंच होतं असं, रडू नको. मी म्हटलं, मिरची गेली डोळ्यात. घरात मिरची नव्हती.

आता पुढचं ऐक, माझं खरं अडलंय ते इथे. पुढच्या श्रावणात ती पाहुणी म्हणून येईल. हातात चुडा असेल. कानबाई थोरल्या दिरांकडे बसते, पण रोट मी थापते, परात माझ्याच हातात असते. ती येऊन तिच्या जागी बसेल आणि हात पुढे करेल. ती विसरणारी नाही, मुद्दाम करेल, माझ्याकडे बघत करेल, मला ठाऊक आहे माझी पोर. तेव्हा मी काय करू? परात ओढली तर कारण सांगावं लागेल, आणि मी कारण शोधते तर सापडत नाही, नुसती रीत सापडते. नाही ओढली तर जावा बघतील, आणि तू बघशील, मागे उभी राहून. उसनी द्यायची सोय आहे म्हणे त्या भाषेत. आपल्यात ती का नाही ठेवली कोणी? हे मी पोरीला विचारलेलं नाही. तुला विचारतेय.

हा कागद कुठे टाकणार मी, तुझा पत्ता काय? गव्हाच्या कोठीत ठेवीन, झालं. पण एक सांगून ठेवते, पोरीला सांगितलेलं नाही. त्या भाषेचं मला तसं काही पडलेलं नाही. कारण लिहिते, चांगली आहे, पण पोरीने अजगर घे, कासव घे म्हणून हट्ट धरला असता तर मी तेही घेतलं असतं. ती बोट ठेवून वाचते तेव्हा तिचा खांदा माझ्या खांद्याला लागतो. लाल अक्षरं आली की दोघी एकदम वाकतो आणि डोक्याला डोकं लागतं, आणि ती हसते. मी चुकले की ती आणखी थोडा वेळ बसते. म्हणून मी कधीकधी जाणून चुकते.

तुझंही तसंच होतं का, माय? देठ खुडता खुडता तो शब्द तू परत परत चुकायचीस, ती परत परत सांगायची, ते मी पाहिलंय. एवढं एकच सांग. पथारीवर तिच्याशेजारी बसायला मिळावं म्हणून शिकलीस का ती भाषा, आणि हे जर तुला ठाऊक होतं, तर मला पेटीवाल्या म्हातारीशेजारी का बसू दिलं नाहीस? रागावून सांग, चालेल, पण कारण सांग. पोरगी सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून पुण्याला निघते. शनिवारी मी रोटांचे गहू दळायला टाकीन. गिरणी सुरू झाली की मला दुसरं काही ऐकू येत नाही, तेव्हा शनिवारच्या आत सांग.